गालिब यांची एक दुरुस्ती

लेखक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिर्झा गालिब यांचे एक उदाहरण ध्यानात ठेवावे. १८५७ च्या उठावात दिल्लीचे झालेले हाल त्यांनी ‘दस्तंबू’ या फारसी ग्रंथात लिहिले. त्यात अरबी शब्द येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. १८५८ साली ग्रंथ आग्र्याच्या छापखान्यात असताना ‘नहीब’ हा अरबी शब्द राहून गेल्याचे त्यांना आढळले. भाऊ वारला होता, पेन्शन बंद होती. तरी त्यांनी शिष्य हरगोपाल तफ्ता यांना तो शब्द बदलण्यास आवर्जून लिहिले. मित्रहो, हस्तलिखित छापखान्यात पोचले म्हणजे लेखकाचे काम संपत नाही. छापलेली चूक लेखकाच्याच नावावर राहते.