कीर्तन, तमाशा की डीजे? आमच्या जत्रेचं भांडण आणि थोडा इतिहास



परवा गावात जत्रेची मीटिंग झाली. विषय नेहमीचाच. वर्गणी किती काढायची आणि ती घालायची कशावर. जुनी माणसं म्हणाली कीर्तन ठेवा. मधल्या वयाचे म्हणाले तमाशा आणा, दोन वर्षं झाली आला नाही. पोरांचं ठरलेलं होतं, डीजे आणि वर लायटिंग. तासभर वादावादी झाल्यावर एका तात्यांनी आवाज चढवला, "कीर्तन ही आपली संस्कृती आहे, तमाशा नाही!"

मी गप्प बसलो, कारण तात्या वयानं मोठे. पण घरी आल्यावर झोप येईना. मला गाता येत नाही. मी गायला लागलो की मंडळी टीव्हीचा आवाज वाढवते. पण ऐकायचा नाद लहानपणापासूनचा आहे, त्यामुळं तात्यांचं वाक्य काही पचलं नाही. म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. ताहाराबाद आपल्या राहुरी तालुक्यात आहे. तिथले महिपती महाराज (१७१५ ते १७९०) गावचं कुलकर्णीपण सांभाळायचे आणि कीर्तनं करायचे. १७६२ साली त्यांनी 'भक्तिविजय' पूर्ण केला, १७७४ साली 'भक्तलीलामृत'. गोरोबा, चोखोबा, नामदेव, तुकोबा यांच्या ज्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या, त्यातल्या कितीतरी महिपतींच्या ओव्यांतून आलेल्या आहेत. आजही कीर्तनकार उभा राहून संतचरित्र सांगायला लागला, की त्यातला बराच माल ताहाराबादचा असतो, त्याला ठाऊक असो वा नसो. पुढं तर जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानं पंडित गोडबोल्यांच्या मदतीनं 'भक्तिविजय' इंग्रजीत नेला. आपल्या तालुक्यातला माणूस सातासमुद्रापार वाचला गेला, आणि आपण मात्र ताहाराबादचा फाटा आला की फक्त गाडीचा गिअर बदलतो.

म्हणजे तात्यांचं अर्धं बरोबर. कीर्तन आपलंच आहे. आता उरलेलं अर्धं बघू.

महिपतींच्या हयातीतच शेजारच्या संगमनेरात अनंत फंदी (१७४४ ते १८१९) तमाशाचा फड गाजवत होते. लावण्या, पोवाडे आणि फटके हे त्यांचं भांडवल. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना समजावलं की एवढी वाणी तमाशात कशाला घालवता, आणि तेव्हापासून फंदी कीर्तनाकडं वळले. आता ज्यांच्या नावानं आपला जिल्हा ओळखला जातो त्याच अहिल्याबाई. गोष्ट खरी किती, दंतकथा किती, ते बाजूला ठेवू. पण लोकांना ती पटली याचा अर्थ काय? तमाशातला माणूस उद्या कीर्तनाला उभा राहिला तर चालतो, त्याचा गळा तोच असतो आणि समोरचे लोकही तेच असतात, हे लोकांना माहीत होतं.

एखादंच उदाहरण असतं तर मी सोडून दिलं असतं. पण दासगणू महाराज बघा. जन्म १८६८ सालचा, नगरजवळच्या अकोळनेरचा. नोकरी पोलीस खात्यात आणि शौक तमाशाचा. उभ्या उभ्या लावण्या रचायचे. पुढं शिर्डीला साईबाबांकडं जायला लागले आणि कीर्तनकार झाले. साईसच्चरितात प्रसंग आहे. कीर्तनाला निघताना ते लांब अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट करून आले, तर बाबांनी नवरदेवासारखं नटल्याबद्दल चेष्टा केली आणि ते सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून दासगणू उघड्या अंगानं, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहायचे. पण जागच्या जागी शब्द जुळवायची सवय? ती त्यांना तमाशानंच लावली होती.

आता खुद्द राहुरी. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार काही काळ आपल्या राहुरीत होता. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर राहुरी आठवेलच, नसेल वाचलं तर आधी ते वाचा, मग माझी पोस्ट वाचा. टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये बरीचशी गीतं इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही तिकडच्या. टिळकांनी अभंग आणि ओवी आणली. धर्म बदलला तरी कान बदलत नाही, हे त्यांना कळलं होतं.

आणि कीर्तन-तमाशात सोयरीक किती आहे बघा. काल्याच्या कीर्तनात गौळण असते. तमाशात गणानंतर काय येतं? गौळणच! कीर्तनकाराच्या मागं टाळकरी चाल उचलतात, शाहिराच्या मागं झीलकरी झील धरतात. एकीकडं पखवाज, दुसरीकडं ढोलकी. कृष्ण दोन्हीकडं हजर असतो. दोन्ही ठिकाणी गाणारा लोकांकडं बघून गातो. मंडळी पेंगायला लागली की गोष्ट आवरतो, हसायला लागली की लांबवतो.

मी आठवीत असताना वडिलांनी मला कीर्तनाला धाडलं होतं आणि तमाशाच्या तंबूकडं फिरकायचं नाही अशी ताकीद दिली होती. कीर्तन संपलं, मी मागच्या वाटेनं तंबूत घुसलो. शेजारी डोक्यावरून टॉवेल घेतलेला माणूस बसला होता. वग सुरू झाला, टॉवेल घसरला आणि बघतो तर मघाशी कीर्तनात पुढं टाळ वाजवणारे आबा! दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पारावर भेटले तर म्हणतात, "कालचं कीर्तन झकास झालं ना रे?" मी म्हणलं, "हो आबा, शेवटपर्यंत बसलो होतो."

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक तिथं जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला जातात. आपल्या राहुरीत आणि त्या राहुटीत एका अक्षराचा फरक, पण आपलं जाणं कमी झालंय. २०२० आणि २०२१ हे दोन्ही हंगाम कोरोनात बुडाले. त्यातच मे २०२१ मध्ये संगमनेरच्या कांताबाई सातारकर गेल्या. फड बंद असताना फडाची मालकीण गेली. एका फडावर गाणारे, वाजवणारे, तंबू ठोकणारे, स्वयंपाक करणारे अशी किती घरं चालतात, याचा हिशोब आपण वर्गणी काढताना करत नाही.

नियमाचंही बघा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या नियमावलीतला नियम. वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देता येते. नियम चांगला आहे, आजारी माणसाला झोप हवीच. पण तमाशा रंगतोच रात्री. डीजे मात्र दुपारपासून दहापर्यंत छाती हादरवून मोकळा होतो. ढोलकीवाल्याचा धंदा बसला, भिंतीएवढे स्पीकर नियमात बसले.

पोरांवर माझा राग नाही. आमच्या वेळी कॅसेट आल्या तेव्हा आम्हालाही लोकांनी नावं ठेवली होती. पण डीजेला तुम्ही पेंगताय का हसताय हे दिसत नाही. त्याला वन्समोअर दिला काय न दिला काय.

रविवारी परत मीटिंग आहे. हे सगळं तिथं वाचून दाखवणार नाही, पहिल्या पॅरालाच पोरं उठून जातील. एवढंच मांडणार आहे, एक दिवस कीर्तन, एक दिवस तमाशा, आणि सवलतीचा अर्ज वेळेत. पोरांना म्हणणार आहे, एक तास ढोलकीसमोर बसा, नाही आवडलं तर पुढच्या वर्षी डीजेची वर्गणी मी देतो.

तात्यांना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. पण त्या रात्री तंबूत आबांच्या पलीकडं अजून एक टॉवेलवाला बसला होता, असं मला अंधुक आठवतंय.

तुमच्या गावच्या जत्रेला यंदा काय आहे, नक्की सांगा.