हंड्याचं पाणी आणि आपली इंद्रायणी

शंभर वर्षांत आमच्या दिंडीचे वीणेकरी बदलले, पखवाजी बदलले. पण तुळस आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माउली प्रत्येक वारीत आहेतच. तुळशीला सगळे हात जोडतात. हंडा मात्र तहान लागल्यावरच आठवतो, म्हणून त्याच्याबद्दल हे दोन शब्द.

जुनी मंडळी सांगायची, वाटेत ओढा लागला की हंडा बुडवायचा अन् तेच पाणी प्यायचं. धुणं तिथंच, गुरं तिथंच, पहाटे बसायलाही त्याच काठाला. मग पटकी सुटायची. सकाळी टाळ वाजवणाऱ्या माणसाला रात्री अग्नी द्यायची वेळ यायची. लोक मरीआईचा कोप म्हणून गाडा काढत. रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कोलकात्याच्या तळ्यात पटकीचा जंतू दाखवला होता, पण ते मावळात उमजायला कितीतरी आषाढी गेल्या. पुढं वारीआधी लस टोचायला लागले, तेव्हा ती चुकवून पळणारेही आमच्यातच होते.

गाडगेबाबा दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन करीत गावोगाव फिरले. ते 1956 साली गेले. पुढं त्यांच्या नावानं सरकारचं ग्रामस्वच्छता अभियान आलं, घरोघर संडास झाले. खरं सांगायचं तर काही वर्षं आम्ही त्यात गोवऱ्या भरल्या. ओतायला पाणीच नव्हतं, करणार काय?

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वळवण, शिरवता, पवना ही धरणं आपल्याच उशाला. तरी कातळावरनं पाणी निघून जातं, आणि वैशाखात वरच्या वाड्यांतल्या बायका झऱ्याशी वाटीवाटीनं हंडा भरत बसतात.

इंद्रायणी कुरवंड्याच्या डोंगरात उगवते आणि कामशेतावरून देहू-आळंदीला जाते. आळंदीत आपण तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो ते पाणी आधी आपल्या दारावरून गेलेलं असतं. तिथं फेस दिसला की आम्ही कारखान्यांना बोल लावतो. पण आमच्या गावचं गटारही त्याच पात्रात उतरतं, आणि त्यावर भजनानंतरच्या बैठकीत अजून आम्ही धड बोललेलो नाही.

आता दिंडीसोबत टँकर असतो, मुक्कामाला फिरती शौचालयं असतात. हंडाही आहे. गेल्या वारीत तो भरताना एक सून टँकरवाल्याला म्हणाली, "माउली, पाणी कुठलं, ते आधी सांगा."