पहारेकऱ्यावर पहारेकरी

आमच्या एका शिक्षक मित्राच्या घरचा मायक्रोवेव्ह ओव्हन एके दिवशी अचानक बंद पडला. कारागिराने जळालेला फ्यूज काढून नवा बसवला. दूध छान तापले. पण ते बाहेर काढायला दार उघडले मात्र, आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि ओव्हन पुन्हा थंड! ‘फ्यूज हलका असेल,’ असे म्हणत कारागीर जाड तारेचा फ्यूज घालायला निघाला. मित्राने त्याला थांबवले, ते बरेच झाले. कारण हा फ्यूज आपोआप जळालेला नव्हता. यंत्राने तो मुद्दाम जाळला होता. असे का, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात शिरावे लागेल.

१९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी शक्तिशाली सूक्ष्मतरंग निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन तयार केला. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांनी याच तरंगांनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी १९४५ मध्ये अर्ज केला. १९४७ सालचा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. १९६७ मध्ये मात्र ४९५ डॉलर किमतीचा, ओट्यावर मावेल असा ओव्हन बाजारात आला. यंत्र तंत्रज्ञांच्या हातून घरच्या माणसांच्या हाती गेले आणि एक नवा प्रश्न उभा राहिला: चालू ओव्हनचे दार कोणी उघडले तर?

ओव्हनमधील तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. दाराच्या जाळीची भोके त्यापुढे फारच लहान, म्हणून तरंग आतच राहतात. पण दार उघडे असताना मॅग्नेट्रॉन चालू राहिला, तर शरीर अन्नासारखेच तापेल. डोळ्याच्या भिंगाला तर रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेली जात नाही. अमेरिकेत १९६८ साली उत्सर्जन-नियंत्रणाचा कायदा झाला आणि १९७१ पासून ओव्हनसाठी नियम लागू झाले. पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर गळती, नव्या ओव्हनची दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅटहून आणि वापरातल्याची ५ मिलिवॅटहून अधिक नसावी. शिवाय दाराला किमान दोन सुरक्षा-स्विच हवेत.

हे स्विच ओव्हनपेक्षा वयाने मोठे आहेत. १९३२ साली अमेरिकेतील फ्रीपोर्ट गावी मॅक्गॉल यांनी ‘मायक्रो स्विच’ शोधला. साध्या स्विचची टोके सावकाश दूर केली, तर मधल्या बारीक फटीत ठिणगी रेंगाळते आणि टोके भाजतात. मायक्रो स्विचमध्ये ताणलेली स्प्रिंगपट्टी असते. बटण कितीही हळू दाबा, ठरावीक बिंदूला पट्टी स्वतःच्याच वेगाने उडी मारते. मुलींच्या केसांतली टिकटॅक पिन वर्गात हळूहळू वाकवून पाहा. बराच वेळ ती नुसती वाकते आणि मग एकदम पलटते. तत्त्व तेच.

तरीही हजारो वेळा दार उघडले-मिटले की कधीतरी स्विचची टोके एकमेकांना चिकटतात. दार उघडले तरी प्रवाह चालूच! दुसरा स्विच असल्यामुळे ओव्हन बंद होतो. पण पहिला निकामी झाला हे कोणालाच कळत नाही. मग एके दिवशी दुसराही दगा देतो. म्हणून स्विचवर देखरेख ठेवणारी व्यवस्थाही नियमाने बंधनकारक झाली. बहुतेक ओव्हनमध्ये ती म्हणजे तिसरा स्विच. दार उघडताना पहिले दोन आधी तुटतात, मग तिसरा जोडला जातो. पहिला चिकटलेला असेल, तर तिसऱ्यामुळे शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडतो आणि दुरुस्तीपर्यंत ओव्हन चालतच नाही.

आता मित्राच्या ओव्हनचे निदान सोपे झाले. दूध तापले, म्हणजे मॅग्नेट्रॉन ठीक. फ्यूज दार उघडतानाच गेला, म्हणजे संशय दारातल्या स्विचवर. शेवटी तपासणीत एका स्विचची टोके चिकटलेली निघाली. जाड तार घालणे किंवा तिसरा स्विच काढून टाकणे म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड बांधणे. हे काम जाणकारानेच करावे. ओव्हनमधील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा, जिवावर बेतणारा भार उरू शकतो.

फळ्यावर हे तीन स्विच आणि फ्यूज काढा आणि विद्यार्थ्यांना एकेक स्विच ‘बिघडवून’ पाहायला सांगा. बिघाड होणारच नाही, असे मानणारी रचना आणि तो होणार हे गृहीत धरून त्याला उघडकीला आणणारी रचना, यांतला फरक त्यांना आपोआप उमगेल.