खोट्या कुस्तीची खरी गोष्ट

मंडळी, ज्या बाईने तीसेक वर्षं पोरांना पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, ती दर आठवड्याला डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती न चुकता बघते, हे आमच्या नात्यात आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. लग्नकार्यात भेटले की भाचे मुद्दाम विचारतात, "मावशी, काय म्हणतो तुझा अंडरटेकर?" (तो २०२० साली निवृत्त झाला, हे त्यांना माहीत नाही. मला आहे.) आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "पण ते सगळं खोटं असतं ना गं!"

या 'खोटं' शब्दाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हा शब्द तसाच गिळता येत नाही. खोटं म्हणजे नेमकं किती खोटं? कधीपासून? आणि ते खोटं कुणाच्या सोयीचं?

पहिली गोष्ट म्हणजे, ठरवून केलेली कुस्ती ही काही अमेरिकेने आपल्याला दिलेली देणगी नाही. तिला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, नुरा कुस्ती. आजकाल दोन पुढारी वर्तमानपत्रातून एकमेकांवर तुटून पडले आणि संध्याकाळी एका पंगतीला बसले की बातमीदार हा शब्द वापरतात. पण शब्द मूळचा आखाड्यातला. जत्रेत सकाळी पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्या सुरू होतात, दिवस कलेल तशी इनामाची रक्कम चढत जाते, आणि शेवटची कुस्ती मोठ्या पैलवानांची. ती निकाली व्हावी ही लोकांची अपेक्षा. दोघं नुसतेच हात झटकत, खडाखडी करत वेळ काढू लागले की हलगीवाला थकतो आणि लोक ओरडायला लागतात. जाणत्याला कळतं, हे आधीच ठरलेलं आहे. म्हणजे खरं आणि ठरवलेलं यांतला फरक आपल्या खेड्यातल्या प्रेक्षकाला फार पूर्वीपासून कळत होता. त्याला भोळा समजायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट गामा पैलवानाची. १९१० साली गामा लंडनला गेला. १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. झिबिस्को लवकरच खाली गेला आणि मॅटला चिकटून राहिला तो राहिलाच. दोन तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवायची खटपट करत होता. निकाल लागला नाही. पुन्हा १७ सप्टेंबरची तारीख ठरली, तर झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळात दोघं पुन्हा भिडले आणि मिनिटभराच्या आत गामाने त्याला चीत केलं. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं.

मधली गोष्ट मात्र आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. तोपर्यंत अमेरिकेत धंदेवाईक कुस्ती बऱ्यापैकी ठरवून होऊ लागली होती. वेन मन नावाच्या एका फुटबॉल खेळाडूला, देखणा आणि धिप्पाड म्हणून, तिथल्या आयोजकांनी जगज्जेता करून टाकलं होतं. कुस्ती त्याला बेताचीच येत होती. १९२५ साली फिलाडेल्फियात त्याच्यासमोर हरायला म्हणून झिबिस्कोला उभं केलं. चाळिशी उलटलेला झिबिस्को रिंगणात उतरला आणि ठरलेलं सगळं गुंडाळून ठेवून त्याने खरी कुस्ती सुरू केली. बिचाऱ्या मनला काय होतंय ते कळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा चीत झाला होता. जो माणूस गामापुढे पालथा पडून राहिला, त्यानेच ठरलेल्या कुस्तीत खरी कुस्ती घुसवली! इतिहासात असे प्रसंग आले की मी वर्गात खडू खाली ठेवून ते सांगत असे.

आता मुंबईकडे वळू. १९५० च्या दशकात वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांची लाट आली. दारासिंग आणि किंगकाँग ही नावं आमच्या पिढीच्या तोंडी रामलक्ष्मणासारखी जोडीनं यायची. किंगकाँगचं खरं नाव एमिल झाया, जन्माने हंगेरियन. दारासिंगने १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएंकोला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद मिळवलं आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझला हरवून जगज्जेतेपद. यातल्या कितीतरी लढती पटकथेबरहुकूम होत, हे आता सगळे मान्य करतात. म्हणून दारासिंगची ताकद खोटी होती का? पुढे रामायणात त्याला हनुमान म्हणून बघताना सगळ्या देशाने हात जोडले, ते काही उगीच नाही.

याच काळात हमीदा बानू नावाची एक पैलवान होती, उत्तर प्रदेशची. १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं होतं, मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा. त्या वर्षी बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. मुंबईत एका रशियन पैलवान बाईला तर मिनिटाच्या आतच. पण आपल्या महाराष्ट्राने तिच्याशी काय केलं? कोल्हापुरात तिने एका पुरुषाला हरवलं, तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यात स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे तिची कुस्ती रद्द झाली. तिने तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर असं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, तर आयोजक तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

हे उत्तर मी जेव्हा वाचलं, तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. दारासिंगच्या नावाने स्टेडियम भरत होतं, तेव्हा नकली पैलवान कुणाला खुपले नाहीत. बाई जिंकू लागली, आणि लगेच सगळ्यांना सत्याची आठवण झाली! 'खोटं' हा शब्द कुणाच्या सोयीचा, असं वर म्हटलं ते यासाठी.

आता थोडं घरचं. महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली १९६१ साली, आणि पहिली स्पर्धा आपल्याच गावात, तेव्हाच्या औरंगाबादेत भरली. सांगलीकडचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मी तेव्हा अकरा वर्षांची. वडील आणि दोघे भाऊ कुस्त्या बघायला गेले. मीही चप्पल घालून दारात उभी राहिले होते. आई म्हणाली, "बायकांनी कुस्त्या बघायला जायचं नसतं." कारण विचारायची पद्धत नव्हती. भाऊ परत आल्यावर अंगणात ढाक आणि कलाजंग करून दाखवत होते, त्यावरून मी काय ते समजून घेतलं. १९६९ साली लातूरला आपल्या मराठवाड्याचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, पुढच्याच वर्षी त्यांनी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं, तेही मी वर्तमानपत्रातच वाचलं. लाल मातीतली कुस्ती प्रत्यक्ष बघायला मिळाली नाहीच.

मग १९९० च्या पुढे घरोघरी केबल आली. तेव्हा तिला डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणत, २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झालं. 'रॉ' हा साप्ताहिक कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला, तेव्हा तो तासाभराचाच होता. आमचे चिरंजीव शाळेतून आले की दप्तर फेकून टीव्हीपुढे बसत आणि मी भाजी निवडायच्या निमित्ताने मागे. त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात बसून, कुणाची परवानगी न घेता मी पहिल्यांदा कुस्ती पाहिली. ती ठरवून केलेली होती, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. तरी मी उठले नाही.

त्या वेळी शाळेत ट्रम्प कार्डांचा सुळसुळाट होता. उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेले. ज्यांना पाढे पाठ होत नसत त्यांना योकोझुनाचं वजन तोंडपाठ! एकदा मधल्या सुट्टीत आठवीच्या एका मुलाने दुसऱ्याला उचलून आपटलं आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. कार्डं जप्त झाली. मी मात्र त्या दिवशी इतिहासाचा तास बाजूला ठेवून मुलांना सांगितलं की ते पैलवान पडायचं कसं हे वर्षानुवर्षं शिकतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टेकवायची, हात जमिनीवर आपटून धक्का वाटून घ्यायचा. खाली लोखंडी सांगाडा, फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास असतो. आणि मुख्य म्हणजे, जो पडतो त्याला सांभाळणं हेच पाडणाऱ्याचं काम असतं. वर्ग अगदी शांत होता. "म्हणजे ते मित्र असतात?" एकाने विचारलं. मी म्हटलं, एकमेकांच्या माना एकमेकांच्या हातात देतात, म्हणजे विश्वास तरी असणारच.

गंमत म्हणजे कंपनीनेही हे लपवलेलं नाही. १९८९ मध्येच विन्स मॅकमहॉनच्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कबूल केलं होतं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कारण काही थोर नव्हतं. खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर आले. म्हणजे खरं बोलले, तेही हिशोब करूनच.

आता चाहती म्हणून माझी मतं. ब्रेट हार्ट मला सगळ्यांत आवडायचा. आरडाओरडा कमी आणि एकेक पकड नीट. प्रतिस्पर्ध्याचा दुखरा पाय पहिल्या मिनिटाला धरला तर शेवटपर्यंत त्याच पायाचा विचार. चांगला निबंध असाच असतो. २०१२ पासून रॉ तीन तासांचा केला, तो मला मुळीच पटला नाही. निम्मा वेळ हातात माइक धरून भाषणं, उरलेल्यात जाहिराती. एप्रिल २०२५ पासून ते नेटफ्लिक्सवर आलं. तिकडची सोमवारची रात्र म्हणजे आपली मंगळवारची पहाट, तेव्हा चहाबरोबर बघते आणि भाषणं पुढे ढकलते.

आणि एक गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट छतावरून दोरीने खाली उतरताना कोसळला आणि गेला. त्याला दवाखान्यात नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला. त्याच रिंगणात, त्याच रात्री. निकाल ठरलेला असतो, पण हाडं, मणके आणि मरण ठरवून होत नाही. 'सगळं खोटं असतं' म्हणणाऱ्यांना मी ओवेन हार्टची तारीख सांगते.

मग खऱ्या कुस्तीचं काय? १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो खाशाबा गेल्यावर. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत निर्णयावरून चिडलेल्या पैलवानाने पंचांना लाथ मारली. टीव्हीवरच्या कुस्तीत पंच दर आठवड्याला मार खातो आणि पुढच्या आठवड्यात हसत उभा राहतो. इथे तीन वर्षांची बंदी आली. दोन्हींत फरक हवाच, आणि तो हाच. खऱ्या कुस्तीत वर्षभराची मेहनत पंचाच्या एका बोटावर असते. म्हणून राग खरा आणि शिक्षाही खरी.

मला खरी कुस्ती मोठी वाटते, यात शंका नाही. पण माझ्यासारख्या बाईला दार आधी त्या ठरवलेल्या कुस्तीनेच उघडलं, हेही खरं. तिथेही बायकांना बरीच वर्षं नुसतं सजून उभं राहावं लागलं. १९९९ मध्ये चायनाने पुरुषाला हरवून पट्टा जिंकला. २०१७ मध्ये हरियाणाची कविता देवी सलवार-कमीज घालून रिंगणात उतरली. एप्रिल २०१९ मध्ये रेसलमेनियाची शेवटची, मानाची लढत पहिल्यांदा बायकांची झाली. आपल्याकडे महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. पुरुषांची सुरू झाल्यावर बासष्ट वर्षांनी, सांगलीत. प्रतीक्षा बागडी पहिली विजेती. ती कुस्ती मी मोबाइलवर दोनदा पाहिली. तिच्यात ठरवलेलं काही नव्हतं.

असो. लेख लांबला. भाचेमंडळींनो, पुढच्या लग्नात भेटलात की अंडरटेकरचं विचारा, जरूर विचारा. पण त्याआधी मला हमीदा बानू कोण होती ते सांगायचं.