सर्पालयाचा इतिहास

सर्पास बंदिवासात ठेवणे म्हणजे केवळ त्याच्या पळून जाण्याचा बंदोबस्त करणे नव्हे, हे लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासावरून उत्तम रीतीने ध्यानी येते. तेथे १८४९ साली जगातील पहिले सार्वजनिक सर्पालय उघडले. आणि तीनच वर्षांनी एडवर्ड गर्लिंग नामक रक्षक, मद्याच्या अमलाखाली नाग हाताळीत असता, दंश होऊन मरण पावला.

परंतु रक्षकाच्या सुरक्षिततेइतकीच सर्पाच्या प्रकृतीचीही जबाबदारी मानणारी इमारत उभी राहावयास १९२७ साल उजाडावे लागले. तिची कल्पक योजना जोन प्रॉक्टर या विदुषीची. सर्प स्वतःच्या देहात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही, आणि भक्ष्याचे पचनदेखील बाहेरील उबेवर अवलंबून असते, हे जाणून तिने विद्युत्साहाय्याने पिंजऱ्यांच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे उष्णतामान राखण्याची तजवीज केली, म्हणजे प्राण्याने आपल्या गरजेप्रमाणे ऊन वा गार जागा स्वतःच निवडावी. शिवाय सूर्याचे अतिनील किरण आत येऊ देणारी खास काचही बसविली. आजन्म व्याधिग्रस्त असलेल्या या स्त्रीने हे सारे सिद्धीस नेले, याबद्दल माझ्या मनात निरतिशय आदर आहे. १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ती निवर्तली. सर्पपालनाचे शास्त्र मात्र अद्यापि तिच्याच मार्गाने चालले आहे.