बौद्धिक अक्षम खेळाडू : ओळख, वर्गवारी आणि आधार

रायपूर हे राजधानीचे शहर असल्याने छत्तीसगडमधील बहुतेक राज्यस्तरीय क्रीडास्पर्धा, निवड चाचण्या आणि पुरस्कार समारंभ तेथेच होतात. धावण्यासाठी कोटा येथील स्वामी विवेकानंद क्रीडांगण, बंदिस्त खेळांसाठी बलबीरसिंग जुनेजा क्रीडागृह, तसेच २०१५ मध्ये हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी जेथे झाली ते सरदार वल्लभभाई पटेल हॉकी मैदान, अशा सुविधा राज्य स्थापनेनंतरच्या दोन दशकांत या शहराच्या परिचयाच्या झाल्या. मात्र बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूला या मैदानांपर्यंत पोहोचण्यापूर्वी एका वेगळ्याच अडथळ्यास सामोरे जावे लागते. त्याची अक्षमता नजरेस पडत नाही आणि त्याचे कौशल्य नेहमीच्या मोजपट्टीत बसत नाही. तो खेळाडू आहे हे ओळखणे आणि मग त्याचा यथोचित गौरव करणे, या दोन्ही गोष्टींना मराठीत 'ओळख' हा एकच शब्द पुरतो. व्यवहारात मात्र त्यांत मोठे अंतर आहे.

व्याख्या आणि प्रमाणपत्र

बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे. आकलन, तर्क, शिकण्याची गती आणि दैनंदिन व्यवहार सांभाळण्याची क्षमता यांवर विकासाच्या वयातच पडलेली मर्यादा म्हणजे बौद्धिक अक्षमता होय. तिच्यावर औषध नाही. शिक्षण, सराव आणि सवय यांनी मात्र पुष्कळ साधते. सरकारी कागदपत्रांत पूर्वी सर्रास वापरला जाणारा 'मतिमंद' हा शब्द आता मागे पडला असून, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा स्वीकारली आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या. त्याच्या ३० व्या कलमात क्रीडाविषयक स्वतंत्र तरतूद असून, दिव्यांगांना खेळांत परिणामकारक सहभाग घेता यावा यासाठी उपाय योजण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे १५ लाखांची नोंद बौद्धिक अक्षमतेखाली झाली होती. छत्तीसगडमधील एकूण दिव्यांगांची संख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती. सौम्य अक्षमता असलेली मुले शाळेत केवळ 'अभ्यासात मागे' म्हणून ओळखली जातात आणि गणनेबाहेर राहतात, ही बाब लक्षात घेता प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असावा असे मानण्यास जागा आहे.

प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंक चाचणीबरोबरच सामाजिक परिपक्वतेची चाचणीही घेतली जाते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य अक्षमता ५० टक्के, मध्यम ७५ टक्के, तीव्र ९० टक्के आणि अतितीव्र १०० टक्के धरण्यात आली. पाच वर्षांखालील बालकास विकासातील विलंबाचे प्रमाणपत्र मिळते आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. ही तपासणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञावाचून होत नाही, आणि नेमकी हीच सेवा ग्रामीण भागात दुर्मिळ आहे. रायपूरमध्ये वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय आणि २०१२ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. राजनांदगाव येथे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. ते रायपूरहून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. बस्तरमधील कुटुंबासाठी हा हिशेब निराळा ठरतो. जगदलपूर ते रायपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर असून, जगदलपूरच्याही पलीकडील गावातून मुलाला घेऊन यायचे म्हणजे आईवडिलांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. खेळाडूचा शोध मैदानावर लागतो असे म्हटले जाते. या खेळाडूंच्या बाबतीत तो अनेकदा रुग्णालयाच्या रांगेत सुरू होतो.

रायपूरमध्ये 'आकांक्षा' सारख्या विशेष शाळांनी हे काम दीर्घकाळ केले आहे. शहरातील मराठी समाजाचे, १९३५ पासून चालत आलेले महाराष्ट्र मंडळही दिव्यांग बालिका विकास गृह चालविते. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशाशी नाते असलेल्या मराठी कुटुंबांच्या सामाजिक कार्याचा हा एक भाग होय. विशेष शाळेतील शिक्षकच पुढे प्रशिक्षक होतो, स्पर्धेच्या गावी तोच पालक होतो आणि अर्ज भरणारा कारकूनही तोच असतो.

स्पेशल ऑलिंपिकची वेगळी रीत

या खेळाडूंसाठीची जगातील सर्वांत मोठी चळवळ म्हणजे स्पेशल ऑलिंपिक. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये आपल्या मेरीलँडमधील घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले. त्यांची थोरली बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती आणि १९४१ मध्ये झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेने तिचे जीवन अधिकच परावलंबी झाले होते. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या चळवळीस मान्यता दिली. २००३ मध्ये डब्लिन येथे उन्हाळी जागतिक स्पर्धा प्रथमच अमेरिकेबाहेर भरली आणि २००७ मध्ये शांघायने तिचे यजमानपद भूषविले. भारतात 'स्पेशल ऑलिंपिक भारत' ही संस्था २००१ मध्ये विश्वस्त संस्था म्हणून नोंदविण्यात आली. राज्यांमध्ये तिच्या शाखा आहेत.

आठ वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही बौद्धिक अक्षम व्यक्तीस या स्पर्धांत भाग घेता येतो. वयाची वरची मर्यादा नाही. धावणे, पोहणे, सायकल, फुटबॉल, पॉवरलिफ्टिंग यांच्याबरोबर बोची हा आपल्याकडे फारसा परिचित नसलेला खेळ येथे विशेष लोकप्रिय आहे. सपाट पट्टीवर आधी एक लहान चेंडू टाकायचा आणि मग आपले मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ पोहोचवायचे, असा हा खेळ आहे.

या चळवळीचा गाभा तिच्या वर्गवारीत आहे. स्पर्धेच्या आरंभी प्राथमिक फेरी होते आणि तीतील वेळ किंवा अंतर पाहून लिंग, वय व क्षमता यांनुसार लहान लहान गट पाडले जातात. एका गटातील सर्वोत्तम आणि सर्वांत मागील कामगिरीत साधारणपणे १५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा, असे सूत्र आहे. म्हणजे शंभर मीटर २० सेकंदांत धावणाऱ्यासमोर २३ सेकंदांच्या आतबाहेरचेच प्रतिस्पर्धी असतात. १४ सेकंदांत धावणारा दुसऱ्या गटात जातो. गटात तीन ते आठ खेळाडू असतात. पहिल्या तिघांना पदके आणि उरलेल्यांना फिती दिल्या जातात. सोप्या गटात जाण्यासाठी कोणी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावला आणि अंतिम फेरीत अवाजवी वेगाने सुटला, तर त्यास अपात्र ठरविण्याचा नियम आहे. जागतिक स्पर्धेसाठीची निवडही आगळी आहे. निरनिराळ्या गटांतील प्रथम क्रमांकाच्या खेळाडूंना प्राधान्य असते आणि त्यांची संख्या जागांहून अधिक झाल्यास चिठ्ठ्या टाकून निवड होते. सर्वांत वेगवान धावपटूच विमानात बसतो, असे येथे नाही.

या पद्धतीमुळे पदकांची संख्या मोठी दिसते. २०१९ च्या अबू धाबी स्पर्धेत भारताने ८५ सुवर्णांसह ३६८ पदके मिळविली. २०२३ च्या जून महिन्यात बर्लिन येथे ७६ सुवर्ण, ७५ रौप्य आणि ५१ कांस्य अशी २०२ पदके आली, तर मार्च २०२५ मधील तुरीनच्या हिवाळी स्पर्धेत ३३. वृत्तपत्रांत हे आकडे ऑलिंपिकच्या आकड्यांशेजारी छापले जातात आणि वाचक गोंधळतो. दोन्ही तक्त्यांची तुलना करणे मुळातच चुकीचे आहे. एकीत देशातील सर्वश्रेष्ठाचा शोध आहे, दुसरीत प्रत्येकास तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळवून देण्याची हमी.

पॅरालिंपिकचा बंद झालेला आणि उघडलेला दरवाजा

पॅरालिंपिकमध्ये मात्र सर्वश्रेष्ठाचाच शोध असतो. तेथे बौद्धिक अक्षम खेळाडूंना एका फसवणुकीची किंमत मोजावी लागली. २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघाने या गटाचे सुवर्णपदक जिंकले. संघातीलच एक खेळाडू असलेल्या पत्रकाराने नंतर उघड केले की, बारांपैकी दहा जणांना कोणतीही बौद्धिक अक्षमता नव्हती. पदक परत करावे लागले, परंतु शिक्षा साऱ्या जगातील खेळाडूंना झाली: हे गटच स्पर्धेतून वगळण्यात आले. अधिक काटेकोर तपासणी पद्धती तयार झाल्यावर २०१२ च्या लंडन स्पर्धेत ॲथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीन खेळांत त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला.

त्या दरवाजातून भारताची दीप्ती जीवनजी आत गेली. तेलंगणातील वारंगळ परिसरातील कल्लेडा गावची ही धावपटू टी-२० गटात ४०० मीटर धावते. मे २०२४ मध्ये कोबे येथील जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत तिने ५५.०७ सेकंदांच्या तत्कालीन विश्वविक्रमासह सुवर्ण मिळविले आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ५५.८२ सेकंदांत कांस्य. या स्पर्धेत पदक मिळविणारी ती पहिली भारतीय बौद्धिक अक्षम खेळाडू ठरली. तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. तिची गुणवत्ता प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी वेळीच हेरली नसती, तर गावात तिला मिळणारी ओळख कोणती असती, हे तिच्या कुटुंबाने सोसलेल्या टोमण्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

गौरवाचे निकष

छत्तीसगडचे वार्षिक क्रीडा पुरस्कार बहुतांशी हुतात्म्यांच्या नावाने आहेत. सियाचीनमध्ये वीरमरण आलेले राजीव पांडे आणि कारगिल युद्धातील कौशल यादव यांच्या स्मरणार्थ अनुक्रमे वरिष्ठ व कनिष्ठ खेळाडूंना, तर वीर हनुमान सिंह यांच्या नावाने प्रशिक्षकांना व निर्णायकांना गौरविले जाते. याशिवाय 'उत्कृष्ट खेळाडू' जाहीर करून शासकीय नोकरीची वाट मोकळी करण्याची योजना आहे. अशा पुरस्कारांचा पाया राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतील क्रमांक हा असतो, आणि स्पेशल ऑलिंपिकचे पदक या चौकटीत ठेवले की अडचण उभी राहते. एकाच शर्यतीत दहा गट असतील तर दहा सुवर्णपदके निघतात. ती सर्व राष्ट्रीय विजेतेपदाच्या बरोबरीची मानली, तर इतर खेळाडूंची तक्रार येते. मुळीच मानली नाहीत, तर हे खेळाडू कायमचे बाहेर राहतात.

यावर उपाय स्वतंत्र श्रेणीचाच आहे, आणि केंद्राने तो स्वीकारला. आंतरराष्ट्रीय विजेत्यांसाठीच्या रोख पुरस्कार योजनेत स्पेशल ऑलिंपिकचा वेगळा उल्लेख असून, २०१५ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेच्या वेळी सुवर्णास ५ लाख, रौप्यास ३ लाख आणि कांस्यास १ लाख रुपये असे दर होते. राज्यांच्या पातळीवर एकसारखेपणा नाही. पदकविजेत्याच्या स्वागतास मंत्री विमानतळावर येतात, घोषणा होते आणि रक्कम हाती पडण्यास वर्षे लागतात, अशी उदाहरणे देशात घडली आहेत. घोषणेचा पाठपुरावा करणे बौद्धिक अक्षम खेळाडूस स्वतः शक्य नसते, आणि मजुरी करणाऱ्या त्याच्या वडिलांस राजधानीतील कार्यालयांचे खेटे परवडत नाहीत. पुरस्काराच्या नियमात रकमेइतकेच ती देण्याच्या मुदतीलाही महत्त्व असावयास हवे.

मैदानाबाहेरील आधार

अशा खेळाडूस आपले दुखणे नेमके सांगता येत नाही. दातदुखी, अंधूक दृष्टी किंवा कमी ऐकू येणे या गोष्टी वर्षानुवर्षे 'समजत नाही' या सदरात जमा होतात. म्हणूनच स्पेशल ऑलिंपिकने १९९७ पासून स्पर्धास्थळीच दात, डोळे, कान आणि पाय यांची मोफत तपासणी सुरू केली. डाऊन सिंड्रोम असलेल्या खेळाडूंमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील सांधा सैल असण्याचा संभव असतो; कोलांटउडी, सूर मारणे किंवा जड वजन उचलणे यांपूर्वी वैद्यकीय तपासणी आणि मज्जारज्जूवर दाबाची लक्षणे आहेत काय याची खातरजमा आवश्यक ठरते. शाळेच्या क्रीडाशिक्षकास ही एवढी माहिती असली तरी मोठा अपघात टळू शकतो.

प्रवासात, एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीस आणि तिच्या सोबत्यास रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत आहे. २०२० मध्ये अनेक सवलती थांबविण्यात आल्या, तेव्हाही दिव्यांगांची ही सवलत कायम राहिली. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते.

बक्षिसाच्या रकमेबाबत एक बाब पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याच्या आधारे बँकेत खाते चालविता येते. पुढील उन्हाळी जागतिक स्पर्धा २०२७ मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथे व्हावयाची आहे. पारपत्र, वैद्यकीय दाखला, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि सज्ञान खेळाडूच्या बाबतीत पालकत्वाचा हा कागद तयार ठेवण्यास शाळांनी व पालकांनी निवड जाहीर होण्याची वाट पाहू नये.