पटकीची आठवण



आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षे झाली. या अंकात विणेकऱ्यांची, चोपदारांची, पंगती घालणाऱ्यांची नावे आली आहेत. पण वारीला गेले आणि घरी परतलेच नाहीत, त्यांचीही आठवण काढायला हवी. जुन्या काळी त्यांतल्या कितीतरी जणांना पटकीने नेले. पटकी म्हणजे कॉलरा. कुणी तिला महामारी म्हणत, कुणी वाखा.

1817 साली बंगालात जेसोरकडे मोठी साथ उठली आणि पुढच्याच वर्षी ती दख्खनेत पोचली. मग शंभराहून जास्त वर्षे पटकी वारंवार यात्रेच्या मागे लागली. आषाढी येते ऐन पावसाळ्यात. अफाट गर्दी, नदीकाठीच शौच, पावसाने सगळी घाण पात्रात, आणि प्यायलाही तेच पाणी. जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांत केव्हाही दुखणे उठते. त्यामुळे पाणी प्यायले पंढरीत, आणि जुलाब लागले परतीच्या वाटेवर, नाहीतर गावी आल्यावर. मग गावचा आड, गावची विहीरही नासायची.

लोक म्हणत, मरीआई कोपली. तिचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडत. आम्ही त्या माणसांना हसणार नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवेलागणीला जायचा, आणि का गेला ते सांगणारे कुणी नव्हते.

कारण हळूहळू उलगडले. 1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले. 1884 साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रोग्यांच्या आतड्यांत सापडला, आणि लोक ज्या तळ्यात धूत, न्हात व जिथलेच पाणी पीत, त्या तळ्यातही सापडला. पुढे 1959 साली कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी दाखवले, की हा जंतू आतड्यात विष सोडतो. त्या विषाने अंगातले पाणी आणि क्षार आतड्यात झिरपून बाहेर पडतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, पायांत गोळे, डोळे खोल, लघवी बंद, अंग गार. माणूस मरतो तो अंगातले पाणी आटल्यामुळे.

इथेच आमच्या मनाला चटका लागतो. दिंडीतले एक जुने वारकरी आपल्या आत्याची गोष्ट सांगायचे. परतीच्या वाटेवर ती बैलगाडीत पडून होती, "पाणी द्या रे" म्हणत होती. पण पटकीच्या माणसाला पाणी द्यायचे नाही, दिले तर जुलाब वाढतात, अशी तेव्हा समजूत. कुणी दिले नाही. सगळे तिच्यावर जीव टाकणारेच होते. म्हातारपणीही ते सांगताना त्यांचा आवाज बसायचा.

तिला पाणीच हवे होते, मीठसाखरेचे. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. शंभरातले तीसेक दगावत होते, ते तीन-चारांवर आले.

आमच्यातल्या जुन्या मंडळींना पटकीची सुई आठवते. टोचल्याचा दाखला दाखवल्याशिवाय यात्रेत सोडत नसत. काहीजण सुईच्या भीतीने आडवाटेने जायचे. आता ती सुई गेली, वाटेवर टँकर आले, फिरती शौचालये आली. पण जंतू गेलेला नाही. अंगात तो असूनही कित्येकांना काहीच त्रास होत नाही, आणि त्यांच्या शौचातून तो दुसऱ्यांपर्यंत जातो.

म्हणून माउली, चंद्रभागेत स्नान जरूर करा, पण प्यायला औषध टाकलेले नाहीतर उकळलेलेच पाणी घ्या. उघड्यावर बसू नका. जेवणाआधी साबणाने हात धुवा. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोटघोट पाजत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. सलाइन लागेल का, औषध कोणते, ते डॉक्टर ठरवतील.

वाटेत कुणी पाणी मागितले तर आपण नाही म्हणत नाही. त्या आत्याची आठवण म्हणून एवढे करू, की आपल्या दिंडीतला पाण्याचा प्रत्येक घोट स्वच्छ असेल.

रामकृष्ण हरी.